शाळेचे दप्तर कोणाचे?

दहिसरचा चेकनाका ओलांडून मीरा रोडला बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाचा प्रवास घटकाभराचा असला, तरी त्याबरोबर मुलाचे शालेय दप्तर बृहन्मुंबईच्या हद्दीतून ठाणे जिल्ह्यात जाते. आणि हे स्थलांतर निर्वेध व्हावे म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने, मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावा, हयगय केल्यास शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र व्हावे, अशी तजवीज केली आहे. तरीही फीच्या बाकीपायी दाखला अडवून धरण्याची वहिवाट अद्याप पुरती मोडलेली नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीवर आपल्याकडे जन्मतारीख ठरते आणि जातीचा पुरावा उभा राहतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात जुनी शालेय रजिस्टरेही चाळली गेली. इतक्या मोलाच्या दस्तऐवजाची नक्कल मागणाऱ्या पालकाच्या वाट्याला हेलपाटे येतात. उलट साऱ्या वर्गाचे गुण व्हॉट्सॲपवर जाहीर करताना, अथवा क्लासच्या फलकावर छायाचित्रासह टक्केवारी झळकविताना, कोणाची अनुज्ञा घ्यावी असे कोणास वाटत नाही.

कायद्याचा रोख याच्या नेमका विरुद्ध आहे. मुलाची हजेरी व प्रगती पालकांस कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला, २०१७ साली खासगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. आणि २०२३ च्या विदासंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले.

मात्र पालकांचा हक्कही अनिर्बंध मानता येणार नाही, कारण तो अपत्याच्या वतीने सांभाळलेली अमानत आहे. घरातील मारहाणीविषयी एखाद्या मुलीने समुपदेशकाजवळ जे विश्वासाने सांगितले, ते त्याच घराच्या स्वाधीन करणे म्हणजे तिचा विश्वासघातच होय. अमेरिकेच्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या १९७४ च्या कायद्यात पालकांचे हे हक्क अठराव्या वर्षी विद्यार्थ्याकडे जातात, हा विवेक अनुकरणीय आहे.

अनुदानित व महापालिका शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनी सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता तीन ठराव करावेत: नक्कल देण्याची मुदत निश्चित व्हावी, गुण ज्याचे त्यालाच कळावेत, आणि समुपदेशनाची टिपणे स्वतंत्र कुलपात राहावीत.