धागा: 'जमावा'च्या माथी मारलेला एक हंगाम (उत्तर आयर्लंड, 1948-49)

उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल लीगचा 1948-49चा गुणतक्ता पाहिला, तर त्यात वावगे असे काहीच दिसत नाही. बारा संघ, प्रत्येकी बावीस सामने. पहिल्या क्रमांकावर लिनफिल्ड, दुसऱ्या क्रमांकावर आदल्या वर्षीचा विजेता बेलफास्ट सेल्टिक. दोन्ही संघ बेलफास्ट शहरातले, दोन्ही जुने आणि बलाढ्य. पुढच्या हंगामाच्या तक्त्यातही बाराच संघ आहेत. फक्त सेल्टिक हे नाव गेले आहे आणि क्रुसेडर्स हे नवे नाव आले आहे.

चौदा वेळा लीग जिंकलेला, नुकताच दुसरा आलेला संघ एकाएकी नाहीसा होतो. त्याच्यावर बंदी आली नव्हती, त्याचे दिवाळे निघाले नव्हते. तो स्वतःहून बाहेर पडला आणि लीगमध्ये पुन्हा कधीही उतरला नाही.

याचे कारण बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपले जाते: नाताळातल्या सामन्यात धर्मद्वेषाने पेटलेल्या जमावाने सेल्टिकच्या खेळाडूचा पाय मोडला आणि क्लब बंद पडला. यातले तपशील खरे आहेत. आक्षेप आहे तो या वाक्याच्या कर्त्यावर. 'जमाव' हा शब्द इतिहासलेखनात फार सोयीचा असतो. त्याला नाव नसते, पद नसते, त्याची चौकशी करता येत नाही. पूर आला, वीज पडली, तसाच जमाव आला, असे म्हणून मोकळे होता येते. त्या हंगामाकडे नीट पाहिले, तर जमावाच्या मागे पदे भूषवणारी बरीच माणसे उभी दिसतात.

थोडी पार्श्वभूमी. 1921मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडे स्वतंत्र होत जाणारे राज्य निर्माण झाले. ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनसोबत राहिले. या उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि अखंड आयर्लंडची आस बाळगणारे कॅथलिक अल्पसंख्य. राजधानी बेलफास्टमध्ये तर गल्ल्याही वाटल्या गेलेल्या होत्या. सेल्टिकची स्थापना 1891मध्ये फॉल्स रोडच्या कॅथलिक वस्तीत झाली. लिनफिल्डचा पाठीराखा वर्ग प्रॉटेस्टंट.

पाठीराखे असे विभागलेले असले, तरी मैदानावरचा सेल्टिक मात्र तसा नव्हता. हा क्लब दोन्ही समाजांतून खेळाडू घेत असे. 1934पासून संघाची धुरा वाहणारे व्यवस्थापक एलिशा स्कॉट, म्हणजे लिव्हरपूलचे एकेकाळचे ख्यातनाम गोलरक्षक, स्वतः प्रॉटेस्टंट होते. आणि ज्याचा पाय मोडला तो जिमी जोन्स, वीस वर्षांचा, गोलांचा पाऊस पाडणारा आघाडीचा खेळाडू, तोही प्रॉटेस्टंटच. 'दोन धर्मांचे भांडण' ही व्याख्या इथेच अपुरी पडते. हल्लेखोरांनी स्वधर्मीयालाच तुडवले होते. दोष त्याच्या धर्माचा नव्हता, अंगावरच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता.

सेल्टिकला हे वातावरण नवे नव्हते. मार्च 1920मध्ये ग्लेन्टोरानविरुद्धच्या आयरिश चषकाच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकांतून गोळीबार झाला होता. दोन्ही संघ बाद ठरले आणि डब्लिनच्या शेलबर्नला अंतिम सामना न खेळताच चषक मिळाला. त्यानंतर सेल्टिकने लीग सोडली, ती थेट 1924पर्यंत. परतल्यावर 1926 ते 1929 सलग चार विजेतेपदे, 1936 ते 1940 सलग पाच. 1947-48मध्ये तर सलग 31 सामने जिंकून लीगही जिंकली. 1948च्या उन्हाळ्यात चार्ली टली हा गुणी खेळाडू ग्लासगो सेल्टिककडे गेला, तरी संघाचा दबदबा कायम होता.

आता राजकीय पंचांग पाहू. सप्टेंबर 1948मध्ये दक्षिणेचे पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांनी कॅनडात असताना जाहीर केले की आयर्लंड प्रजासत्ताक होणार. त्या कायद्यावर 21 डिसेंबरला स्वाक्षरी झाली. उत्तरेत घबराट आणि संताप दोन्ही पसरले. लिनफिल्ड विरुद्ध सेल्टिक हा नाताळचा सामना त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, 27 डिसेंबरला, लिनफिल्डच्या विंडसर पार्क मैदानावर होता. शहराच्या मनःस्थितीची कल्पना पोलिसांना नव्हती, असे मानणे कठीण आहे.

सामना सुरुवातीपासूनच धसमुसळा झाला. पहिल्या अर्ध्यातच लिनफिल्डचे दोन खेळाडू जखमी होऊन बाहेर गेले. त्यांपैकी बॉब ब्रायसनला जोन्सशी झालेल्या टकरीत दुखापत झाली होती. त्या काळी बदली खेळाडू उतरवण्याची मुभा नव्हती. मध्यंतरात लिनफिल्डच्या सचिवांनी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितले की ब्रायसनचा पाय मोडला आहे.

येथे थांबून विचार करायला हवा. ही माहिती त्याच क्षणी, त्या तापलेल्या हजारो लोकांना देण्याची काय निकड होती? सचिवांचा हेतू काय होता हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावा करणे अन्यायाचेही ठरेल. पण उत्तरार्धात प्रेक्षकांची नजर चेंडूपेक्षा जोन्सवर खिळली, तर त्याचे नवल वाटू नये.

उत्तरार्धात मारामारीवरून दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू मैदानाबाहेर काढला गेला. लिनफिल्डकडे आठच जण उरले. दहाएक मिनिटे बाकी असताना सेल्टिकच्या हॅरी वॉकरने पेनल्टीवर गोल केला. शेवटच्या काही मिनिटांत लिनफिल्डच्या बिली सिम्प्सनने बरोबरी साधली. 1-1. आठ जणांनी साधलेली बरोबरी म्हणजे यजमानांना विजयासारखीच होती. तरीही शिट्टी वाजताच शेकडो लोक कुंपण ओलांडून आत धावले. गोलरक्षक केव्हिन मॅकअलिंडन आणि रॉबिन लॉलर यांना जबर मार बसला. जोन्सला मैदानाच्या कठड्यावरून खाली प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ओढून टाकण्यात आले आणि लाथांनी तुडवण्यात आले. त्याचा पाय मोडला, तो पुढे आयुष्यभर आखूडच राहिला. बालिमिना संघाचा गोलरक्षक शॉन मॅकान प्रेक्षक म्हणून आला होता. मित्राला वाचवायला तो गर्दीत घुसला.

एक निःशस्त्र मित्र जोन्सपर्यंत पोहोचू शकला. मैदानात हजर असलेले पोलीस का पोहोचू शकले नाहीत?

सेल्टिकच्या संचालकांनीही जाहीर निवेदनात नेमका हाच मुद्दा मांडला. त्यांचा तीव्र निषेध जमावापेक्षा खेळाडूंच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्यांविरुद्ध होता: हल्ला रोखण्यासाठी त्यांनी काही केले नाही आणि तो सुरू झाल्यावरही परिणामकारक कृती केली नाही. हे निवेदन शांतपणे वाचायला हवे. दंगलीने चिडलेल्या माणसांची ती भाषा नाही. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेवर ठेवलेले ते दोषारोपपत्र आहे.

फुटबॉल संघटनेने काय केले? विंडसर पार्क सुमारे महिनाभरासाठी बंद ठेवले. एका तरुणाची कारकीर्द संपते की काय अशी अवस्था, आणि शिक्षा काय, तर घरचे काही सामने दुसऱ्या मैदानावर. सेल्टिकच्या संचालकांनी लीग सोडण्याचा निर्णय याच सुमारास, गुपचूप, घेतला होता असे मानले जाते. करार पाळून त्यांनी उरलेला हंगाम मात्र पूर्ण केला.

त्या उरलेल्या हंगामात मैदानाबाहेर बरेच काही घडत होते. 10 फेब्रुवारी 1949ला उत्तर आयर्लंडच्या संसदेची निवडणूक झाली. फाळणीविरोधी उमेदवारांसाठी कॅथलिक चर्चच्या दाराशी निधी गोळा केला गेला आणि त्यावरून प्रचार आणखी विखारी झाला. दोन्ही समाजांतल्या कामगारांची मते मागणाऱ्या मजूर पक्षाची एकही जागा वाचली नाही. 18 एप्रिलला दक्षिणेत प्रजासत्ताक अस्तित्वात आले. त्याच महिन्यात सेल्टिकचा लीगमधला अखेरचा सामना क्लिफ्टनव्हिलविरुद्ध झाला. मजूर पक्ष आणि सेल्टिक यांची तुलना फार ताणू नये. एक राजकीय पक्ष, दुसरा फुटबॉलचा क्लब. पण दोन्ही समाजांची माणसे एका बाजूने उभी राहू शकतील अशा जागा आधीच मोजक्या होत्या, आणि त्यांतल्या दोन एकाच हंगामात गेल्या.

सेल्टिकच्या निर्णयावर टीकाही झाली, आणि तिच्यात तथ्य आहे. सेल्टिक पार्कवर 1927पासून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती होत. आयर्लंडमधल्या अशा पहिल्या शर्यती तिथेच झाल्या होत्या. म्हणजे फुटबॉल थांबला तरी मालकांचे उत्पन्न थांबणार नव्हते. खेळाडू विकून पैसेही मिळाले. फॉल्स रोडच्या गिरणी कामगाराला, गोदीतल्या मजुराला मात्र कोणी विचारले नाही. ज्या समाजाला नोकरी, घर, मतदान यांत सतत मागे ढकलले जात होते, त्याच्या शनिवारच्या दुपारीही गेल्या. संचालकांनी संस्थांना दोष दिला तो योग्यच. पण निर्णयाची किंमत त्यांनी स्वतः फारशी मोजली नाही, हेही तितकेच खरे. शर्यती मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या.

लीग संपल्यावर संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. स्कॉटलंडचा राष्ट्रीय संघही तेव्हा तिथेच होता. एप्रिलमध्ये वेम्बलीवर इंग्लंडला 3-1 हरवून ब्रिटिश विजेतेपद मिळवलेला हा संघ. 29 मे 1949 रोजी न्यूयॉर्कमध्ये बेलफास्ट सेल्टिकने त्याला 2-0 असे हरवले. दोन्ही गोल जॉनी कॅम्पबेलचे. आपल्या लीगमधून बाहेर पडलेला एक क्लब एका राष्ट्राच्या संघाला हरवतो आणि मग पांगतो. हा संघ म्हातारा होऊन विझत चालला होता, असे म्हणायची सोय या निकालाने ठेवलेली नाही.

हे सारे एकदाच घडून थांबले असते, तर 'जमाव' हे उत्तर कदाचित चालून गेले असते. पण 1971मध्ये डेरी शहरात पाहुण्या संघाची बस जाळली गेली. त्यानंतर डेरी सिटीला स्वतःच्या ब्रँडीवेल मैदानावर खेळण्यास मनाई झाली. 'घरचे' सामने दूर कोलरेनला. 1972मध्ये सुरक्षा यंत्रणांनी हरकत मागे घेतली, तरी लीगमधल्या क्लबांनी मतदान करून, एका मताने, परवानगी नाकारली. डेरीने लीग सोडली आणि 1985मध्ये सीमेपलीकडच्या, दक्षिणेच्या लीगमध्ये प्रवेश घेतला. तिथे निर्णय कोणत्याही जमावाने घेतलेला नव्हता. बंद खोलीत, हात वर करून घेतलेला होता.

जोन्सची कारकीर्द मात्र संपली नाही. बऱ्याच काळाच्या उपचारांनंतर तो ग्लेनाव्हॉन या लर्गन गावाच्या क्लबकडून खेळू लागला. 1952मध्ये बेलफास्टबाहेरच्या संघाने प्रथमच ही लीग जिंकली, तो संघ ग्लेनाव्हॉन. आखूड पायानिशी त्याने वर्षानुवर्षे शेकडो गोल केले. 1956मध्ये त्याला उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातही घेतले गेले. त्या संघाचे घरचे मैदान तेव्हाही विंडसर पार्कच होते.