'कष्टाळू' क्यूबन, 'आळशी' हैतीयन: एका लाडक्या गोष्टीचा पंचनामा

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला पाच महिन्यांसाठी दक्षिण फ्लोरिडात पाठवलं होतं. तिथे आईच्या ओळखीतले एक काका राहतात. पंचवीस वर्षं अमेरिकेत, स्वभावाने दिलदार. एका रविवारी त्यांनी मला गाडीत घालून मायामी दाखवलं. आधी लिटल हवाना. डॉमिनो खेळणारे म्हातारे, हॉटेलच्या खिडकीतून मिळणारी एवढ्याशा कपातली गोड कडक कॉफी, सगळ्या पाट्या स्पॅनिशमध्ये. मग उत्तरेला लिटल हैती. रंगवलेल्या भिंती, छोटी चर्चेस, गावी पैसे पाठवायची दुकानं, बसस्टॉपवर युनिफॉर्ममधल्या नर्सिंग होमच्या बायका.

काका म्हणाले, "बघ. दोन्ही कॅरिबियन. दोघंही हुकूमशाहीतून पळाले, दोघंही खिशात दमडी नसताना आले. एकांनी बँका काढल्या, दुसरे टॅक्सी चालवतायत. शेवटी संस्कार लागतात रे."

मी म्हटलं, "हो काका." त्यांच्या घरी श्रीखंड वाट बघत होतं आणि मला वाद नको होता. तेव्हा गिळलेलं उत्तर आता देतोय.

काकांचा युक्तिवाद वरकरणी आपल्या धंद्यातला वाटतो. दोन सिस्टिम्सना सारखं इनपुट दिलं, आउटपुट वेगळं आलं, म्हणजे फरक आतल्या कोडमध्ये. पण इनपुट सारखं होतं हे तपासलं कुणी? मी परत आल्यावर बसून तपासलं. ते सारखं नव्हतं, आणि फरक असा काही होता की लॉग वाचताना लाज वाटावी.

क्यूबात १ जानेवारी १९५९ला क्रांती झाली. पहिल्या तीन-चार वर्षांत मायामीला आलेले लोक म्हणजे डॉक्टर, वकील, साखर कारखान्यांचे मॅनेजर, अमेरिकन कंपन्यांचे हवानातले अधिकारी. बहुतेक सगळे गोरे. मालमत्ता तिकडे गेली हे खरं. डॉक्टरांनी हॉटेलात फरशा पुसल्या, हेही खरं, आणि त्या कष्टांची मी टिंगल करणार नाही. पण डिग्री, इंग्रजी आणि ओळखीपाळखी कस्टम्सवाले काढून घेत नाहीत. त्यात समोर सरकार हात पसरून उभं होतं. १९६१ साली केनेडींनी क्यूबन निर्वासितांसाठी खास कार्यक्रम सुरू केला: रोख मदत, धान्य, औषधपाणी, कॉलेजसाठी कर्ज, नोकरीचं प्रशिक्षण, दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिकीट. मायामीच्या ज्या इमारतीत हे वाटप चालायचं तिला आज फ्रीडम टॉवर म्हणतात. पुढच्या साधारण बारा वर्षांत या कार्यक्रमावर जवळपास १ अब्ज डॉलर खर्च झाले. त्या काळातले डॉलर.

मायामी विद्यापीठाने क्यूबन डॉक्टरांसाठी खास वर्ग चालवले, म्हणजे त्यांना अमेरिकन परीक्षा देऊन पुन्हा प्रॅक्टिस करता यावी. १९६३मध्ये कोरल वे नावाच्या सरकारी शाळेत इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत शिकवायला सुरुवात झाली. सीआयएने कॅस्ट्रोविरुद्धच्या उद्योगांसाठी मायामीत भलंमोठं ठाणं मांडलं आणि त्याचा पैसा शहरात खेळला. आणि माझा आवडता तपशील: काही बँकांत हवानाहून आलेले अधिकारी होते. ते तारणाशिवाय कर्ज द्यायचे, कारण समोरच्या माणसाचं हवानात दुकान होतं, तो शब्दाचा पक्का होता, हे त्यांना ठाऊक असायचं. याला 'कॅरेक्टर लोन' म्हणत. आपल्याकडे पतपेढीत ओळखीवर कर्ज होतं तसंच. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला 'खिशात दमडी नव्हती' म्हणू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १९६६चा क्यूबन अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट. अमेरिकेत रीतसर दाखल करून घेतलेल्या क्यूबन माणसाने दोन वर्षं (नंतर एकच वर्ष) काढली की तो ग्रीन कार्ड मागू शकतो. छळ झाला हे सिद्ध करायची गरज नाही, स्पॉन्सर नको, देशाचा कोटा नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभा असलेला तुमचा एखादा मित्र असेल तर त्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या लोकांसाठी असा कायमचा उघडा दरवाजा अमेरिकेने ठेवलेला नाही.

आता हैती. तिथे १९५७पासून फ्रांस्वा दुवालिए आणि १९७१नंतर त्याचा मुलगा. तोंताँ माकूत नावाचे त्यांचे गुंड रात्री माणसं उचलून न्यायचे. पण हे बापलेक कम्युनिस्टविरोधी होते, म्हणजे वॉशिंग्टनचे मित्र. मित्राच्या देशातून कुणी 'निर्वासित' कसा येईल? मग तो 'आर्थिक स्थलांतरित' ठरतो. १९६३मध्ये हैतीहून आश्रय मागायला आलेली पहिली बोट फ्लोरिडाला लागली, आणि त्या लोकांना परत पाठवण्यात आलं. त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर, कोरल वे शाळेत क्यूबन मुलांसाठी स्पॅनिश पुस्तकं येत होती.

सत्तरच्या दशकात हैतीहून फुटक्या बोटी सतत येऊ लागल्या. १९७८मध्ये इमिग्रेशन खात्याने 'हैतीयन प्रोग्रॅम' काढला. नावावरून क्यूबन कार्यक्रमाचा भाऊ वाटेल, पण याचा उद्देश हैतीयन लोकांच्या अर्जांचा फडशा पाडून त्यांना झटपट बाहेर काढणं हा होता. चार हजारांवर लोकांचे अर्ज घाऊक भावात फेटाळले गेले. कोर्टात केस गेली. २ जुलै १९८० रोजी न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी निकाल दिला की ही वागणूक बेकायदा आणि भेदभावाची आहे, आणि दडपशाहीतून मोठ्या संख्येने पळून आलेले हे पहिले काळे निर्वासित आहेत ही गोष्ट त्यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिली. म्हणजे 'संस्कार' सोडून दुसरं काही कारण असू शकतं हे फ्लोरिडातल्या एका कोर्टाने काकांच्या कितीतरी आधी सांगितलं होतं.

गंमत म्हणजे नेमकं याच उन्हाळ्यात इतिहासाने एक जवळजवळ नीट ए-बी टेस्ट करून ठेवली. एप्रिल ते ऑक्टोबर १९८०मध्ये मारिएल बंदरातून सुमारे १ लाख २५ हजार क्यूबन आले. यावेळचे लोक वकील-मॅनेजर नव्हते, कामगार होते, त्यांच्यात काळे-सावळेही बरेच होते, आणि कॅस्ट्रोने तुरुंगातली काही माणसंही त्यांच्यात घुसडली होती. हैतीहूनही हजारो लोक बोटीतून येतच होते. कार्टर सरकारने दोघांना 'क्यूबन-हैतीयन एन्ट्रंट' असं एकच तात्पुरतं लेबल लावलं. लेबल एक, पुढची वाट मात्र वेगळी. मारिएलच्या क्यूबनांना चार-पाच वर्षांत १९६६च्या कायद्याखाली ग्रीन कार्डं मिळायला लागली. हैतीयनांना त्यासाठी १९८६च्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागली. इफमध्ये एकच अट होती: देश क्यूबा आहे का?

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबर १९८१मध्ये रेगन सरकारने दुवालिएशी करार केला आणि अमेरिकन कोस्टगार्ड भर समुद्रात हैतीयन बोटी अडवू लागलं. पुढच्या दहा वर्षांत वीस हजारांहून जास्त माणसं अडवली गेली. आश्रयाचा अर्ज करायला अमेरिकेत ज्यांना येऊ दिलं त्यांची संख्या शंभरही नाही. दुसरी गोष्ट एड्सची. सुरुवातीच्या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने धोक्याच्या गटांमध्ये एका आख्ख्या देशाच्या लोकांना बसवलं: हैतीयन. ते १९८५मध्ये यादीतून काढलं, पण तोवर किती जणांच्या घरकामाच्या आणि हॉटेलातल्या नोकऱ्या गेल्या असतील याचा विचार करा. १९९०मध्ये पुन्हा रक्तदानावर बंदी आली तेव्हा हजारो हैतीयन ब्रुकलिन ब्रिजवरून मोर्चा घेऊन गेले आणि ती बंदी मागे घ्यायला लावली. ज्यांना आपण 'संघटित होत नाहीत' म्हणतो, ते हेच.

१९९५नंतर क्यूबनांसाठी 'ओले पाय, कोरडे पाय' धोरण आलं. समुद्रात सापडलात तर परत, किनाऱ्यावर पाय टेकला तर राहा. २९ ऑक्टोबर २००२ला दोनशेहून जास्त हैतीयन मायामीच्या एका पुलाजवळ बोटीतून उड्या मारून किनाऱ्याकडे धावले. टीव्हीवर लाइव्ह दिसलं. त्यांचे पाय कोरडे झाले होते. त्यांना कोठडीत टाकलं आणि बहुतेकांना पुढे परत पाठवलं.

जुनं उकरून काढतोय असं वाटत असेल तर २०२३ घ्या. बायडन सरकारने क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएलाच्या लोकांना दोन वर्षांचा तात्पुरता प्रवेश देणारी योजना आणली. एकच फॉर्म, एकच अ‍ॅप. एका वर्षानंतर क्यूबन माणसाला १९६६च्या कायद्याखाली ग्रीन कार्ड मागता येत होतं, शेजारच्या रांगेतल्या हैतीयनाला नाही. २०२५मध्ये ट्रम्प सरकारने योजनाच गुंडाळली.

आता संस्कारवाद्यांचा शेवटचा किल्ला: "पण हैती मुळातच गरीब." हो. का ते पण सांगा. १८०४मध्ये गुलामांनी बंड करून देश स्वतंत्र केला. १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली, गुलाम गमावल्याबद्दल मालकांना. पुढे ती ९ कोटींवर आणली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांची शेपटं १९४७पर्यंत चालली. त्यात १९१५ ते १९३४ अमेरिकन सैन्य तिथे ठाण मांडून होतं. हे सगळं एका ब्लॉगपोस्टचं काम आहे, इथे एवढंच.

आणि हैतीयन संस्कृतीतच खोट असती तर ती सगळीकडे दिसायला हवी. दुवालिएच्या काळात पळालेले पहिले शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर न्यूयॉर्क आणि माँट्रियलला गेले. क्यूबेकला तेव्हा फ्रेंच बोलणारे शिक्षक आणि नर्सेस हव्याच होत्या. पोर्त-ओ-प्रिन्समध्ये जन्मलेली, लहानपणी तिथून कॅनडात आलेली मिकाएल जाँ २००५मध्ये त्या देशाची गव्हर्नर जनरल झाली. तेच लोक, तीच क्रेओल, तेच दुवालिए. दरवाजा वेगळा. बरं, 'आळशी' म्हणाल तर अमेरिकेत राहणाऱ्या, हैतीत जन्मलेल्या लोकांमध्ये नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा जास्त आहे. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची ढुंगणं कोण धुतं हे एकदा नर्सिंग होममध्ये जाऊन बघा.

क्यूबन लोकांशी माझं भांडण नाही. त्यांना जे मिळालं ते निर्वासिताला मिळायलाच हवं. पैसे, शाळा, कागदपत्रं दिली की माणसं उभी राहतात, याचा मायामीइतका भक्कम पुरावा शोधून सापडणार नाही. राग येतो तो त्या पुराव्यावरून नेमका उलटा निष्कर्ष काढण्याचा. मार्को रुबियो बरीच वर्षं स्वतःला कॅस्ट्रोपासून पळालेल्यांचा मुलगा म्हणवून घ्यायचे. २०११मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं की त्यांचे आईवडील १९५६मध्येच आले होते, बतिस्ताच्या काळात, चांगल्या आयुष्याच्या शोधात. म्हणजे 'आर्थिक स्थलांतरित'. त्यात गैर काय? काहीच नाही. हैतीयन असते तर मात्र त्याच शब्दावर बोट परत फिरवली असती.

आपल्याला ही गोष्ट इतकी का आवडते हे मला माहीत आहे, कारण मी त्याच घरातला आहे. काका सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात नाममात्र फीवर शिकले. अमेरिकेने १९६५मध्ये कायदा बदलला नसता तर आपल्या लोकांना वर्षाला शंभरच्या कोट्यातच बसावं लागलं असतं. नंतर वायटूकेने प्रोग्रॅमर हवेत म्हणून हाक मारली. आपण चाळण्यांवर चाळण्या लावून निवडलेले लोक, आणि डिनरला बसून म्हणतो की आपले संस्कार. माझीही फी कमी होती. व्हिसाची फाइल कंपनीच्या वकिलाने भरली, मी फक्त सही केली. मायामीत मला रोज ऑफिसला सोडणारा एक ड्रायव्हर हैतीचा होता, तिकडे अकाउंटंट होता. २०१०च्या भूकंपानंतर मिळालेल्या तात्पुरत्या परवान्यावर राहत होता, बहुतेक वेळा दीड वर्षाने मुदत, दर वेळी नवी फी, नवी धाकधूक. अशा माणसाला कुठली बँक वीस वर्षांचं गृहकर्ज देईल? आणि घर नसेल तर पुढच्या पिढीच्या हातात काय पडेल? गणित एवढं सरळ आहे.

त्यात आता ते भाड्याचं घरही सुटतंय. पूर्वी किनारा गोऱ्यांसाठी होता आणि काळ्यांना आत रेल्वेच्या बाजूला ढकललं होतं. ती आतली जमीन निघाली समुद्रसपाटीपासून साधारण तीन मीटर उंच. समुद्र वर चढू लागला तशी बिल्डरांना लिटल हैती दिसायला लागली. २०१९मध्ये तिथल्या 'मॅजिक सिटी इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट' नावाच्या प्रकल्पाला शहराने मंजुरी दिली. २०२०च्या अखेरीस टेक कंपन्यांनी मायामीकडे मोर्चा वळवला तेव्हा महापौर ट्विटरवर विचारत होते, मी काय मदत करू? आपल्याच धंद्यातल्या लोकांना.

मागच्या महिन्यात काकांचा मेसेज आला. सोबत एका जुन्या, हिरव्या रंगाच्या बसक्या घराचे फोटो. "लिटल हैतीत मिळतंय. उंचावर आहे, पाणी येणार नाही. तिथले लोक निघून चाललेत, एरिया सुधारतोय. निम्मे पैसे तू घालतोस का?"