हॉर्न दिला होता ना!

अपघात झाला की गर्दी जमते आणि त्या गर्दीत गाडीवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, मी हॉर्न दिला होता ना!" जणू हॉर्न म्हणजे सहीशिक्क्याची नोटीस. ती बजावली की पुढची जबाबदारी समोरच्याची. हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, तेही भुईगावात, एका म्हातारीला.

ज्यांनी भुईगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली ही गावं वाड्यांची. केळी, नारळ, मध्येच एखादं बावखल, आणि त्यातून वळत जाणारा अरुंद रस्ता. कुंपण थेट डांबराला लागून, फुटपाथचं नाव नाही. वाडीतून निघालेलं माणूस दिसतं ते रस्त्यावर आल्यावरच. रविवारी मिस्सा सुटल्यावर वयस्क माणसं पायी घरी निघतात, आणि त्याच सुमाराला मुंबईच्या गाड्या सुरूच्या बनाकडे, समुद्रावर.

मी मोटरसायकलवर होतो, वेग चाळीसचा. डोक्यावर पाटी घेतलेली आजी वाडीतून बाहेर आली. माझा अंगठा हॉर्नवर गेला आणि तिथेच चिकटला. ती दचकली, पुढे जावं की मागे यात घोटाळली आणि पडली. गाडी तिला लागली नाही, अल्लाहची मेहेरबानी. पण गुडघा फुटला, भाजी रस्त्यावर सांडली. तिला उठवताना मी तेच वाक्य बोललो. तिने तिच्या बोलीत जे सुनावलं त्यातलं मला कळलं ते एवढं: भोंगा वाजवायला वेळ होता, मग थांबायला का नव्हता?

घरी येऊन हिशेब केला. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला ११ मीटर. हॉर्न दाबायला माझा एक सेकंद, तो ऐकून काय करायचं ते ठरवायला तिचा एक. म्हणजे २२ मीटर गेले, आणि आमच्यात तेवढं अंतरच नव्हतं. खरं सांगायचं तर ब्रेकही उशिराच लागला असता. चूक आधीची होती. त्या वळणावर चाळीसचा वेग मी ठेवला तो हॉर्नच्या भरवशावर. हॉर्न आहे म्हणून आपण हळू होत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं नुकसान. आवाज ही नंतरची गोष्ट.

याचा अर्थ हॉर्न वाजवूच नये असा नाही. बंद काचेच्या एसी गाडीत बसून "हॉर्न वाजवणं असंस्कृतपणाचं" असं सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. मोटरसायकलवाला ट्रकच्या, बसच्या आरशात दिसतच नाही, अशा जागा असतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. दुचाकीचा दिवा दिवसाही पेटता राहील अशी सोय २०१७ पासून सक्तीची झाली, ती याचसाठी की समोरच्याला आपण दिसावं. हॉर्नचंही काम तेच. "मी इथे आहे" एवढंच सांगायचं. आंधळ्या वळणाआधी एकदा, छोटा. ट्रकच्या बाजूने पुढे काढण्याआधी एकदा. आणि वाजवून झाल्यावर ब्रेकवरची बोटं उचलायची नाहीत, कारण हॉर्न हा प्रश्न आहे, आणि उत्तर अजून यायचं आहे. समोरच्याने मान वळवली, नजर मिळाली, तो बाजूला झाला, तर उत्तर मिळालं. नाही मिळालं तर थांबायचं. तो बहिरा असेल, लहान मूल असेल, कानात इअरफोन असेल. कुत्र्याला तर तुमची नोटीस वाचताच येत नाही.

हदीसमध्ये सलामचा एक अदब सांगितला आहे: स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा. लहानपणी मदरशात हे पाठ केलं तेव्हा उंट-घोड्यांच्या जमान्यातली गोष्ट वाटली होती. आता वाटतं, ती मोटरसायकलचीच आहे. जो उंचावर आहे, ज्याच्या हातात जोर आहे, त्याने आधी नमायचं. सलाम कानाजवळ जाऊन ओरडून करत नाहीत, आणि त्याचा जवाबही असतो. आपला हॉर्न मात्र शिवीसारखा निघतो.

२०२२ मध्ये भोंग्यांवरून महाराष्ट्र तापला तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी डेसिबल होता. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ सगळ्यांना पाठ झाली. पण ज्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांवर ते सगळं उभं होतं, त्याच नियमांत रात्री निवासी भागात हॉर्न वाजवायलाही मनाई आहे. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा १,००० रुपये दंड ठेवला होता. त्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. नितीन गडकरींनी २०२१ मध्ये हॉर्नमधून बासरी-तबल्याचे सूर काढायची कल्पना मांडली. सूर कुठलाही असो, वाजवणारा थांबणार नसेल तर म्हातारीला काय फरक पडतो?

पण दुसऱ्यांना नियम दाखवताना आपल्या पोरांकडे पाहायची हिंमतही हवी. शब-ए-बरातची बडी रात इबादतीची, कबरस्तानात जाऊन दुआ मागायची. त्या रात्री आपली मुलं सायलेन्सर काढून, प्रेशर हॉर्न लावून, एका गाडीवर तिघं असे उंडारतात, आणि त्यांच्यासाठी पोलिसांना खास नाकाबंदी लावावी लागते. कबरस्तानात गेलेले बाप घरी येतात, मुलगा कुठे आहे हे विचारत नाहीत. गाडी त्यांनीच हप्त्यावर घेऊन दिलेली असते. जुम्म्याच्या बयानात यावर पाच मिनिटं बोलायला काय हरकत आहे? स्वाराच्या सलामची हदीस इमामसाहेबांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

माझ्या भाच्याला नुकतंच लायसन्स मिळालं. त्याला मी सांगितलं, आठ दिवस भुईगावातून ये-जा कर, हॉर्न फक्त वळणाआधी, माणूस दिसलं की ब्रेक. तिसऱ्या दिवशी कुरकुरत आला. "मामू, क्लच दाबून दाबून हात दुखतो. आणि पाच मिनिटं जास्त लागतात." मी म्हटलं, उद्या पाच मिनिटं आधी निघ.