‘विहीर’ सापडते, ‘विहिरीत’ सापडत नाही

उन्हाळा तोंडावर आला की विहिरीच्या पुनर्भरणाची चौकशी सुरू होते. समजा, एखादा शेतकरी मोबाइलवर मराठी संकेतस्थळ उघडतो आणि शोधाच्या चौकटीत ‘विहीर’ हा शब्द टाकतो. त्याला हवी ती माहिती तिथे आहे. ‘विहिरीत पावसाचं पाणी सोडण्याआधी ते गाळून घ्यावं’, असं कुणीतरी स्वतःच्या अनुभवातून सविस्तर लिहून ठेवलं आहे. तरीही पडद्यावर उत्तर उमटतं : काही सापडलं नाही.

माहिती असून ती मिळाली नाही. यात दोष शेतकऱ्याचा नाही आणि लिहिणाऱ्याचाही नाही. दोष आहे तो मराठीचं व्याकरण न शिकवता मराठी मजकुरावर बसवलेल्या शोधयंत्रणेचा.

हे दोन शब्द जवळून पाहावेत. माणसाला ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ एकाच घरचे वाटतात. संगणकाच्या लेखी मात्र व, ऱ्हस्व वेलांटी आणि ह एवढीच पहिली तीन चिन्हं सारखी आहेत. चौथ्या चिन्हापाशी वाट फुटते. एका शब्दात तिथे दीर्घ वेलांटी, दुसऱ्यात ऱ्हस्व. मग काही जण पळवाट काढतात आणि सुरुवातीची अक्षरं जुळली तरी चालतील, असा नियम करतात. त्याने विहीर सापडते, पण तिच्यासोबत विहार आणि विहंगही येऊन बसतात.

शाळेत ज्याला आपण सामान्यरूप म्हणून घोकलं, तेच इथे आडवं येतं. पाऊस–पावसात, माणूस–माणसांनी, मूल–मुलांना, घोडा–घोड्यावर. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दालाही वाकवतो. हिंदीत ‘कुएँ में’ हे दोन सुटे शब्द राहतात, त्यामुळे ‘में’ गाळून टाकणं सोपं. म्हणूनच हिंदीसाठी केलेलं साधन मराठीला जसंच्या तसं लावून भागत नाही. लिपी एक असली तरी व्याकरण वेगळं आहे.

मुळात शोधयंत्रणा चालते कशी? जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते तिच्यात पाहायचं. डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहिलेलं ‘लुसीन’ आणि त्याच्या पायावर 2010 मध्ये उभं राहिलेलं ‘इलॅस्टिकसर्च’ हेच काम अफाट वेगाने करतात. कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचं, याचा पाया केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये घातला : जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो, तो शोधात जास्त मोलाचा. ‘आणि’ सगळीकडेच असतो, ‘पुनर्भरण’ मोजक्याच ठिकाणी. सूची नसेल तर डेटाबेसला प्रत्येक नोंद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत जावं लागतं. शंभर नोंदींना ते चालून जातं, लाखो नोंदींना नाही.

पण सूचीत ‘विहिरीत’, ‘विहिरीचं’, ‘विहिरींवर’ हे तीन परके शब्द म्हणून नोंदले गेले, तर कितीही वेगवान यंत्र काय कामाचं? नोंद करतानाच या सगळ्यांना ‘विहीर’ या मूळ शब्दाशी बांधलं पाहिजे.

लिपीचंही एक दुखणं आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचं ठरावीक प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ॲप’ची कथा तीच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून टंकलेला आहे. त्यात भर जुन्या लेखनाची. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या लेखनात ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ भेटतात. जुना मजकूर संगणकावर चढवला आणि ही रूपं जुळवली नाहीत, तर तो असून नसल्यासारखा.

दुसरी बाजू वेगाची. घरात रोजचा चहा-साखरेचा डबा ओट्यावर असतो, लग्नकार्यातली परात माळ्यावर. संगणकातली ‘कॅशे’ म्हणजे तो ओटा. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांच्या ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळावर गर्दी वाढली आणि डेटाबेसला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. 2003 मध्ये त्यांनी अनेक सर्व्हरवर पडून असलेली मेमरी एकत्र जोडली आणि तयार उत्तरं तिच्यात ठेवली. त्यातून ‘मेमकॅशेडी’ जन्मलं, आणि पुढे मोठमोठ्या संकेतस्थळांनी ते उचललं.

ओट्यावरचा डबा शिळा झाला तर? खरी परीक्षा तिथे आहे. 25 जून 2009 रोजी मायकल जॅक्सन गेला. विकिपीडियावर त्याच्या पानाकडे वाचकांची झुंबड उडाली आणि त्याच वेळी संपादकही ते पान सतत बदलत होते. प्रत्येक बदलागणिक साठवलेली प्रत बाद व्हायची, आणि एकाच वेळी आलेल्या असंख्य मागण्यांपायी सर्व्हर तेच लांबलचक पान एकाच वेळी नव्याने तयार करायला बसायचे. या अनुभवातून ‘पूलकाउंटर’ आलं. एकाने पान तयार करावं, बाकीच्यांनी थांबावं किंवा तोवर जुनी प्रत द्यावी, एवढीच त्यामागची कल्पना. निकालाच्या दिवशी कोलमडणाऱ्या आपल्याकडच्या संकेतस्थळांनीही हा धडा गिरवावा.

दुसरा धडा अधिक गंभीर. 2015 च्या नाताळात ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानावर कॅशेची मांडणी चुकली आणि एकाच्या खात्याचं पान दुसऱ्याला दिसू लागलं. सुमारे 34 हजार ग्राहकांची माहिती उघडी पडली असावी, असं कंपनीनेच सांगितलं. सर्वांना सारखी दिसणारी पानं खुशाल साठवावीत. ज्या पानावर कुणाचं नाव, पत्ता, निरोप आहे, ते सामाईक साठ्यात कधीही जाता कामा नये. इथे थोडा वेग गेला तरी चालेल, भरवसा जाता कामा नये.

मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाने सांगायला हवं : पुढच्या वेळी पैसा नव्या रंगसंगतीवर घालू नका, शोधावर घाला. काही सामग्री तयार आहे. आयआयटी मुंबईत घडवलेल्या मराठी वर्डनेटमध्ये समानार्थी शब्दांचं जाळं विणलेलं आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतला एक वाटा मूळ शब्द आणि त्यांची सगळी रूपं जोडणाऱ्या, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या कोशाकडे वळवावा. अशा कोशाचा लाभ संशोधकालाही होईल आणि गावातल्या वाचनालयालाही.

तोवर प्रत्येक संकेतस्थळाला एक काम आजच सुरू करता येईल. ज्या शोधांना शून्य उत्तरं मिळाली, त्यांची यादी दर सोमवारी काढावी; शोधणाऱ्यांची नावं नकोत, फक्त शब्द. मराठी जाणणाऱ्या माणसाने तासभर ती यादी वाचावी. माहिती खरोखरच नसलेले शब्द बाजूला काढावेत, आणि माहिती असूनही निसटलेल्या शब्दांची रूपं सूचीत घालावीत. विहीर, विहिरी, विहिरीत, विहिरींना. मग मोबाइलवर तोच शब्द पुन्हा टाकून पाहावा आणि गाळून घ्यायच्या पाण्याची ती नोंद वर येते का, ते तपासावं.