गिटार ऐकू येते, गिटारवाला कुठंय?

‘सैराट’ची गाणी कुणी केली, असं विचारलं तर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुणीही सांगेल, अजय-अतुल. दिग्दर्शक? आपल्या जेऊरचे नागराज मंजुळे. पण २०१६ च्या या सिनेमासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ज्या वादकांनी वाजवलं, त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा बरं! नाही ना येत? सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते, विणणारा माहीत नसतो, तसंच हे.

अशा वादकाला सेशन म्युझिशियन म्हणतात. गाणं त्याचं नसतं, बँडही त्याचा नसतो. स्टुडिओत बोलावलं की वाजवायचं, मानधन घ्यायचं आणि निघायचं. टूरवर गेला तर गायकाच्या मागं उभं राहून तेच काम. ‘दम मारो दम’ची गिटार १९७१ पासून आपल्या कानात आहे. ती वाजवणारे भूपिंदर सिंग गायकही होते, म्हणून निदान त्यांचं नाव लोकांना माहीत झालं. त्या काळच्या बाकी कितीतरी वादकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत.

मग स्वतःचा रॉक बँड काढावा का? मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ उभा राहिला. महेश तिनईकर त्याचे गिटारवादक. १९९३ मध्ये बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं, १९९७ मध्ये तो थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या रॉक बँडपैकी एकाची ही गोष्ट. मधल्या तेरा वर्षांत बँडच्या नावावर घर कसं चालणार? त्यामुळं गिटारवर पोट भरायचं ठरवलेली बहुतेक पोरं शेवटी सेशन आणि टूरकडंच वळतात.

वरवर पाहिलं तर दिवस चांगले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन शो झाले, तिकिटांसाठी काय झुंबड उडाली ते आपण पाहिलंय. हिंदी-मराठी गायकही आता पूर्ण बँड घेऊन फिरतात. शिवाय लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असला, तर सोलापुरात घरी बसून मुंबईच्या गाण्यासाठी गिटार वाजवून पाठवता येते. पण शोचे पैसे त्या-त्या रात्रीपुरते. पावसाळ्यात मैदानावरचे कार्यक्रम आटतात, तेव्हा हातात काय? त्यात साधी गिटारची साथ आता एआय मिनिटभरात तयार करून देतं.

म्हणून खरा मुद्दा हक्काचा आहे. कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत गायकाबरोबर वादकही येतो. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याची बाजू आणखी भक्कम केली. वाजवलेल्याचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क आहे आणि परफॉर्मरचा हक्क ५० वर्षं टिकतो. ‘हे मी वाजवलंय, माझं नाव द्या’ असं म्हणण्याचाही हक्क आहे. मात्र मेख पुढं आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ, प्रासंगिक आहे आणि रिवाजाप्रमाणं ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठंच दिलं जात नाही, त्याला रॉयल्टीपुरतं परफॉर्मर मानलं जात नाही. म्हणजे नाव न छापणं हा नुसता मानापमानाचा विषय राहत नाही. उद्या वाद झाला तर तीच गोष्ट तुमच्या विरोधात वापरता येते.

अमेरिकेत वादकांची युनियन १८९६ पासून आहे. तिच्या करारानुसार केलेला सिनेमा पुढं टीव्हीला किंवा इतरत्र विकला गेला, की ठरलेला वाटा वादकांपर्यंत पोहोचवणारा स्वतंत्र फंड आहे. आपल्याकडं गायकांनी २०१३ मध्ये ‘इसरा’ ही संस्था काढली. आता ती ‘इसामरा’ झालीय, म्हणजे नावातच वादकही आलेत. आयपीआरएस मात्र गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी आहे, हा फरक लक्षात ठेवा.

‘जास्त बोललास तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील,’ ही भीती खोटी नाही. एकट्यानं भांडून म्हणूनच फार काही होत नाही, संघटना लागते. पण काही गोष्टी पहिल्या कामापासून करता येतात. गाण्याचं नाव, तारीख, मानधन, तालमीचे आणि प्रवासाचे पैसे, श्रेयात नाव, एवढं एका ईमेलमध्ये लिहून घ्या. माझ्या वादनावर एआय शिकवायचं नाही, हेही त्यात टाका. रेकॉर्डिंगच्या मूळ फाइल्स जपून ठेवा. ‘पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्याकडून निदान नाव तरी लेखी घ्या, कारण नाव नसेल तर एक्स्पोजर कसलं?

आणि आपण ऐकणारे? यंदाच्या गॅदरिंगला हुतात्मा स्मृती मंदिरात असो की कॉलेजच्या मैदानावर, निवेदकाच्या कागदावर गायकाच्या नावाखाली गिटार, ढोलकी, की-बोर्ड वाजवणाऱ्यांची नावंही लिहा आणि माइकवर मोठ्यानं वाचा. पाच ओळींचं काम आहे. वीस वर्षांची जी पोरं उद्या मुंबईच्या स्टुडिओत जातील, त्यांना नाव मागायची सवय इथंच लागू दे.