आधी नाव सांगा, मग बोला



अनोळखी नंबरचा फोन उचलू नका, असे शहाणपण हल्ली फुकटात वाटले जाते. २०२४ च्या डिसेंबरापासून कित्येक महिने तर फोन लावला की घंटी वाजण्याआधी सावधगिरीचे कीर्तन ऐकावे लागे. गाय अडलेली, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावलेला आणि कानात कीर्तन चालू!

हे शहाणपण सांगणारा बहुधा एक तारखेला पगार घेणारा असतो. त्याच्याकडे कामाचे फोन ओळखीच्या नंबरवरून येतात. आपल्याकडे कोणाचे येतात ते मोजा. खेडा खरेदीचा व्यापारी, टेम्पोवाला, ऊसतोडीचा मुकादम, डीपी जळाल्यावर शोधत फिरायचा तो वायरमन, बँकेचा वसुलीवाला. यातल्या निम्म्यांचा नंबर आपल्याकडे नावानिशी नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे अतिवृष्टी झाली, कपाशी पाण्यात उभी राहिली. पंचनाम्याला निघालेला माणूस अमुक वाजता शेतावर या म्हणून फोन करणार, तो स्वतःच्या खिशातल्या मोबाइलवरून. तो फोन अनोळखी म्हणून सोडून द्यायचा काय? सोडला तर भरपाईची यादी हुकते आणि उचलला तर तो चोराचाही असू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याला असा पेचात कोणी उभा केला, हा खरा प्रश्न आहे.

सरकारने आपल्याकडे काय काय मागितले ते आठवा. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार हवेत तर ई-केवायसी. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक. त्याच वर्षी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, पण सीसीआयच्या केंद्रावर गाडी न्यायची तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. घरातल्या लेकीसुनांना लाडक्या बहिणीचे पैसे हवेत तर त्यांचीही ई-केवायसी. दर वेळी फोनवर सहा आकडे येतात. सेतू केंद्रातला पोरगा खुर्चीवरून ओरडतो, "काका, ओटीपी काय आला?" आणि काका भर रांगेत आकडे वाचून दाखवतात. न दाखवून सांगतात कोणाला? काम अडते. म्हणजे मागेल त्याला ओटीपी सांगायची सवय सरकारी कामकाजानेच लावली. उद्या चोराने तोच ओटीपी त्याच भाषेत मागितला आणि काकांनी दिला, की काका अडाणी ठरतात!

चोर आपल्या गरजेचा चांगला अभ्यास करतो. २०२२ मध्ये 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला' असे निरोप राज्यभर फिरले, महावितरणला खुलासे करावे लागले. पुढे व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची फाइल फिरू लागली, शेवटी एपीके अशी तीन अक्षरे असलेली. ती दाबून फोनमध्ये घेतली की फोनवर येणारे निरोप परस्पर चोराला दिसू लागतात. मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली, मग ती सरपंचाच्या नावाने येवो की सोयऱ्याच्या, हात लावू नका. सोयऱ्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलेला आकडा आहे : २०२४ या एका वर्षात अशा फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी ७,४६५ कोटी होते. वर्षात तिप्पट! इतके पीक आपल्याला कोणत्या बियाण्याने दिले?

आता फोन करणाऱ्याच्या नावाविषयी. जुन्या काळी ट्रंक कॉल आला की एक्स्चेंजमधला माणूस आधी गाव सांगायचा, मग जोडून द्यायचा. आज सिम घेताना कंपनी आपले नाव, पत्ता, फोटो आणि बहुतेक ठिकाणी अंगठाही घेते. म्हणजे फोन कोणाच्या नावावर आहे हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. फक्त ज्याच्या कानाला फोन लागतो त्याला ठाऊक नाही. हे नाव पडद्यावर दाखवावे, यावर ट्रायने २०२२ मध्ये चर्चेचा कागद काढला, २०२४ च्या फेब्रुवारीत शिफारस केली. २०२५ च्या ऑक्टोबरात ट्राय आणि दूरसंचार खात्याचे एकमत झाले, नाव दाखवायचे; पण फोर-जी आणि त्यापुढच्या जोडणीवर. टू-जीला तांत्रिक अडचण आहे म्हणे. बटणाचे सगळेच फोन टू-जी नाहीत, हे खरे. पण टू-जीवाले राहिलेत कोण? शेळ्यांमागे फिरणारी म्हातारी, ज्वारीची राखण करणारा गडी, दोन एकर कपाशीवाला. ज्याला नावाची सर्वात जास्त गरज, तोच वगळला. पंक्तीत वाढताना शेवटच्या पत्रावळीपर्यंत भाजी पोचत नाही, तसे हे.

काही जण म्हणतील, ट्रूकॉलर घ्या. त्यातले नाव दुसऱ्या लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे लिहून ठेवले त्यावरून येते. उपयोग होतो, पण चोराने स्वतःला 'बँक मॅनेजर' म्हणून नोंदवले तर तेच दिसणार. कंपनीकडचे नाव दिसू लागले तरी हुरळून जाऊ नका. गरीब पोराला हजार-दोन हजार देऊन त्याच्या नावाचे सिम आणि बँक खाते वापरणारे दलाल आहेत. गुन्हा घडला की पोलीस त्या पोराच्या दारात येतात. आपल्या नावावर किती सिम आहेत हे 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर दिसते. गावातल्या शिकलेल्या पोरांनी चावडीवर बसून सगळ्यांचे पाहून द्यावे.

बँकांसारख्या संस्थांना फोन करण्यासाठी १६०० ची वेगळी मालिका २०२४ मध्ये ठरली. ती सरकारी कचेऱ्यांसाठीही आहे. मग तलाठी, कृषी खाते, महावितरण यांचा फोन खासगी मोबाइलवरून का यावा? प्रत्येक कचेरीचा एक ठरलेला नंबर असावा, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि त्याखेरीज दुसऱ्या नंबरवरून आलेला फोन आपण उचलला नाही तर कोणाचेही अनुदान अडू नये. तोवर आपला रिवाज हाच : फोन आला, बँकेचे किंवा योजनेचे नाव निघाले, की फोन ठेवायचा. पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा, नाही तर सरळ शाखेत जायचे. खरा माणूस रागावणार नाही, आणि रागावला तर रागावू द्या.

एवढे करूनही पैसे गेलेच तर रात्र असो वा पहाट, १९३० ला फोन करा. चोराचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतो. तास-दोन तासांत कळवले तर वाटेत अडवता येतो. मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शाखेत ऐकावे लागते, "ओटीपी तुम्हीच दिला, आता आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैतच बँकांना लेखी बजावले होते की ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे आणि तक्रार दिल्यानंतर जो पैसा जाईल तो बँकेचा गेला. पोच मागताना हे सांगा. फसलेला माणूस लाजेने घरातही बोलत नाही, बायकोपासूनसुद्धा लपवतो, आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन याद्या आणाव्यात. एकीत गावातले टू-जीवरचे फोन किती, आणि कोणकोणत्या कचेऱ्यांतून खासगी नंबरवरून फोन येतात. दुसरीत गेल्या दोन वर्षांत फोनवरून किती पैसे गेले : तारीख, रक्कम आणि बँकेने दिलेले उत्तर. फसलेल्याचे नाव लिहू नये. या याद्यांच्या नकला जिल्हाधिकारी कचेरीत आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे आपण सगळ्यांनी मिळून द्यायच्या आहेत.