तुम्ही कधी झालात?

ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवता जेवता आमच्या टीम लीडनं विचारलं, "अरे, तुम्ही लोक कधी झालात?"

‘काय’ झालात हे त्यानं सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. माझं आडनाव पोर्तुगीज, मराठी वसईची आणि डब्यात सुकटीची चटणी. तिन्ही गोष्टींचा मेळ लागला नाही की लोकांच्या तोंडून हा प्रश्न येतोच. इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासून मी तो ऐकत आलोय, त्यामुळे उत्तरही पाठ आहे. म्हणालो, "चार-साडेचारशे वर्षं झाली. मूळचे आम्ही सामवेदी ब्राह्मण."

त्याचा चेहरा लगेच सैल झाला. "अच्छा, म्हणजे आपलेच की!" असं म्हणून त्यानं माझ्याच डब्यातली सुकट उचलली. मलाही हायसं वाटलं. मग दुपारभर स्क्रीनसमोर बसून मी विचार करत होतो, की मला नेमकं कशाचं हायसं वाटलं?

हा लेख त्या हायसं वाटण्याच्या विरोधात आहे.

आधी एक सांगतो. प्रश्न विचारण्यावर माझा राग नाही. "तुम्ही घरी इंग्लिशच बोलता ना?" असं कुणी विचारलं तर मी हसून सांगतो, की आमची आजी लाल लुगडं नेसायची, कादोडी बोलायची आणि इंग्लिशचा तिला एकच शब्द येत होता, ‘टायम’. ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी ‘हॅपी गुड फ्रायडे’ टाकतं. हा आमचा दुखवट्याचा दिवस असतो, पण मी हात जोडल्याची इमोजी टाकून मोकळा होतो. मनात खोट नसते, माहिती नसते. महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती जेमतेम एक टक्का. २०११च्या जनगणनेनुसार अकरा लाखांहूनही थोडे कमी. शंभरातल्या नव्व्याण्णवांना आमच्याबद्दल माहिती नसेल तर त्यात नवल काय?

पण ‘कधी झालात’ हा माहितीचा प्रश्न नाही. त्यात निकाल आधीच लागलेला असतो. उत्तरावर फक्त शिक्षा किती ते ठरतं. जुनी तारीख सांगितली तर माफी, नवी सांगितली तर ‘राइस बॅग’. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. आयुष्यभर मराठीत लिहिलं. तरी २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा काहींनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि धर्म पुढे केला.

तरीही प्रश्नाला इतिहासातून द्यायचं ते उत्तर प्रामाणिकपणे देऊ.

१५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी देवळं पाडली, हिंदूंच्या विधींवर बंदी आणली, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना सवलती दिल्या. गोव्याचं इन्क्विझिशन १५६०मध्ये सुरू झालं आणि मधला छोटा खंड सोडला तर १८१२पर्यंत चाललं. त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. हे सगळं खरं आहे, आणि चर्चच्या जयंती-अंकांत त्यावरून अलगद उडी मारली जाते हेही खरं आहे. मला ती उडी मान्य नाही. एक तपशील मात्र दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. इन्क्विझिशनच्या तावडीत सापडले त्यांत मोठी संख्या बाप्तिस्मा घेतलेल्यांचीच होती. घरात जुना विधी केला, जुना देव जपला, म्हणून. म्हणजे ज्यांच्यावर ‘तुम्ही बाटलात’ असा ठपका आहे, त्यांचेच पूर्वज त्या छळाचे बळी होते.

पुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्यकर्ते गेले, त्यांच्यासोबत युरोपीय पाद्रीही गेले. मागे राहिले ते स्थानिक धर्मगुरू आणि वाड्यांमधले शेतकरी. आता ख्रिस्ती राहण्यात फायदा काहीच नव्हता. परतीची वाट होती आणि काही कुटुंबं परत हिंदू झालीही. बाकीचे राहिले. का राहिले? श्रद्धा म्हणून? सवय म्हणून? परत घेतलं तरी पंगतीत बसवणार नाहीत या भीतीनं? माझ्या पणजोबांच्या खापरपणजोबांनी डायरी लिहिलेली नाही.

आणखी मागे जायचं तर तेही जाता येतं. १३२१मध्ये, म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते तिथल्याच एका ख्रिस्ती घरात. त्यांचा सोबती जॉर्डानस यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, जिथून सकाळच्या लोकलमध्ये चढायला मिळत नाही. आणि फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत.

हे सगळं मला पाठ आहे आणि कुठल्याही वादात मी ते फेकू शकतो. पण त्यानं सिद्ध काय होतं? की आम्ही जुने आहोत. आणि जुने आहोत म्हणून आम्हाला राहू द्या, ही तर विनवणी झाली. नालासोपाऱ्याच्या चाळीत गेल्या वर्षी कुणी स्वतःच्या मर्जीनं येशूला मानायला लागलं असेल, तर त्याचा हक्क माझ्यापेक्षा कमी कसा?

आमच्या कामात ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड असते. कोडमधली कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते ती सांगते. नवा इंजिनिअर बग दिसला की पहिल्यांदा तीच चालवतो. ओळ लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. त्याचं नाव कळून बग सुटत नाही. ती ओळ आज चालवतंय कोण आणि ठेवायची की नाही हे ठरवतंय कोण, याला महत्त्व असतं. धर्माच्या बाबतीत आपण सगळे नुसतं ब्लेम चालवत बसलोय. समोरचा शिक्षेसाठी आणि आम्ही मिरवण्यासाठी.

मिरवण्याचं आता बोलतो, कारण दुखणं तिथे आहे.

‘मूळचे सामवेदी ब्राह्मण’ हे वाक्य आमच्या कुपारी समाजात परंपरेनं चालत आलंय. खरं असेल, थोडं मिसळलेलं असेल, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते वाक्य करतं काय, ते पाहा. ते समोरच्याला सांगतं, की मी तुझ्याच बरोबरीचा आहे. तांदळाच्या पोत्यासाठी झाले ते दुसरे.

ते दुसरे कोण? नगर जिल्ह्यात १८३१पासून अमेरिकन मराठी मिशननं काम सुरू केलं. तिथे पुढे जे मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले, ते मुख्यतः महार आणि मांग समाजातले होते. त्यांना शाळा हवी होती, दवाखाना हवा होता, माणसासारखं वागवणारा कुणीतरी हवा होता. दुष्काळात धान्यही हवं होतं. मग? ज्या गावात पाणवठ्यावर हात लावायची चोरी, त्या गावानं ‘पोटासाठी धर्म सोडला’ म्हणून हसायचं? पोटासाठी माणूस गाव सोडतो, भाषा सोडतो, मी वसई सोडून हिंजवडीत आलो. आमच्या रोजच्या प्रार्थनेतही देवाकडे पहिलं ऐहिक मागणं भाकरीचंच आहे. भाकर मागणं देवाला चालतं, इतरांना का चालू नये?

आणि आम्ही ‘चांगले’ ख्रिस्ती कुणाची नावं घेतो? नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई. मोठी माणसं, वादच नाही. पण तिघंही जन्मानं ब्राह्मण. यादीत नगरच्या एखाद्या मांग कुटुंबातल्या शिक्षकाचं नाव आम्हाला का आठवत नाही? लक्ष्मीबाईंनी तर स्वतःतली शिवाशिव कशी सुटत गेली हे ‘स्मृतिचित्रां’त उघडपणे मांडलंय. आम्ही त्यांचं नाव घेतो आणि नेमकं तेवढंच गाळतो.

सरकारचं म्हणणं वेगळंच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर. कागद म्हणतो, ख्रिस्ती झालास ना, मग तुझी जात संपली. गाव म्हणतं, संपली कुठे? आणि चर्च? चर्च तोंडानं कागदासारखं बोलतं आणि लग्न जुळवताना गावासारखं वागतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं गेल्या वर्षी एका मुलाशी लग्न ठरायचं होतं. मुलगा कॅथलिक, आमच्याच धर्मप्रांतातला, मर्चंट नेव्हीत, दर रविवारी मिस्साला जाणारा. आमच्या घरापासून त्याचं घर स्कूटरवर वीस मिनिटं. फक्त तो कोळी.

पप्पा ओरडले वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण आपल्यातला नाही." मम्मी म्हणाली, "लोक काय म्हणतील?" काकांनी विचारलं, "आपल्यातली मुलं संपली का?" बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये पाहिलं.

ऑफिसात जातिवादावर तावातावानं बोलणारा, ट्विटरवर थ्रेड लिहिणारा मी तेव्हा गप्प बसलो. कारण कँटीनमधल्या उत्तराची किंमत ती होती. ‘मूळचे ब्राह्मण’ असण्याची प्रतिष्ठा मी वर्षानुवर्षं वापरली होती. तिचं बिल बहिणीच्या नावावर आलं.

आम्ही सगळे एकाच वेदीसमोर रांगेत उभे राहून कम्युनियन घेतो. पुढच्याची जात कुणी विचारत नाही. ख्रिस्तात ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलानं गलतीकरांना कळवून जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. ते पत्र चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जातं. शेवटी आम्ही ‘देवाला धन्यवाद’ म्हणतो, घरी येतो आणि ‘आपल्यातला नाही’ म्हणतो. बहिणीनं लग्नाआधीचा चर्चचा कोर्स केला. पैसे कसे सांभाळायचे, सासूशी कसं जमवायचं, मुलं कशी वाढवायची, सगळं होतं. जातीवर एक तासही नव्हता. कोर्सला आलेल्या बहुतेक जोड्या ‘आपल्यातल्या आपल्यात’च होत्या, मग तास हवा कशाला!

आता मला काय ऐकवलं जाईल ते माहीत आहे. पहिलं म्हणजे, "हे बाहेर कशाला सांगतोस? आपल्या विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल." मिळेल. पण कोलीत आपल्या घरातलं आहे. लपवून ठेवलं तर आपलंच छप्पर जळतं. दुसरं, "जात तर सगळ्याच धर्मांत आहे." आहे. पण मग ‘आमच्याकडे सगळे समान’ ही पाटी चर्चच्या दारावरून काढा. तिसरा मुद्दा जरा खरा आहे: आमची बोली, आमची गाणी, आमचं लुगडं टिकवायचं तर लग्न समाजातच हवं. पण कादोडी रक्तातून वाहत नाही. ‘आपल्यातल्या’शीच लग्न केलेल्या माझ्या दोन चुलतभावांची मुलं मुंबईत इंग्लिश बोलतात. बहिणीचा होणारा नवरा मात्र मम्मीशी बोलायला म्हणून कादोडी शिकतोय. चुकतो, मम्मी हसते.

हो, लग्न ठरलंय. मी उशिरा का होईना, तोंड उघडलं. पप्पांना म्हणालो, तुम्ही नाही आलात तर तिला वेदीपर्यंत मी नेईन. त्यांनी अजून येतो म्हटलेलं नाही. घरातल्या वाडीला मात्र ते रंग काढून घेतायत, ‘पावसाळ्याआधी करायचाच होता’ म्हणून.

मला आजवर विचारलेला सगळ्यांत चांगला प्रश्न एका ज्युनिअरनं विचारला होता, रात्री दोन वाजता, सर्व्हर बंद पडला होता तेव्हा. "तुला खरंच वाटतं का रे, तो मेलेला माणूस उठला?" त्यात माझे पूर्वज नव्हते, पोर्तुगीज नव्हते, माझी जात नव्हती. फक्त मी होतो. मी म्हणालो, बहुतेक दिवस वाटतं. काही दिवस नाही वाटत, तरी जातो. तो "बरं" म्हणाला आणि आम्ही पुन्हा लॉग वाचायला लागलो. श्रद्धेबद्दल मी कुणाशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, चर्चमध्येसुद्धा.

म्हणून विचारा. देव तीन की एक, कन्फेशनमध्ये काय सांगता, मारियेची पूजा करता का, शंका आली तर काय करता, सगळं विचारा. आणि आमच्या फादरांनाही माझं सांगणं आहे, तरुणांना छापील उत्तरांची पुस्तिका देऊ नका. आमच्या शंकेत थोडा वेळ आमच्यासोबत बसा. आणि एखाद्या रविवारी वेदीवरून ‘आपल्यातला’ या शब्दावर बोला.

परवा टीम लीडला मी स्वतःहून म्हणालो, "तू विचारलं होतंस ना, कधी झालात? मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं. आम्ही अजून होतोय." त्याला कळलं नाही. मग बहिणीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "आमच्याकडे पण भावाचं असंच अडलंय रे. दोन वर्षं झाली."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तारखांबद्दल बोललो नाही.